मोनोक्लोनल अँटिबॉडी कशी बनवतात आणि औषध म्हणून कशी वापरतात, पहिल्या पायरीपासून

मोनोक्लोनल अँटिबॉडीबद्दल माहिती शोधायला गेलं की एक तर "उंदरापासून बनवलेलं औषध" एवढंच हाती लागतं नाहीतर एकदम जड पुस्तकी भाषा, म्हणून ही सगळी प्रोसेस पहिल्या पायरीपासून पेशंटच्या अंगात औषध जाईपर्यंत सलग लिहितोय. लॅबमध्ये नवीन लागलेल्यांना उपयोग होईल आणि ज्यांच्या घरात कुणाला हे औषध सुरू होणार आहे त्यांनाही. एक गोष्ट आधीच सांगतो, अँटिबॉडी बनवायचं काम पेशी स्वतःच करते, ते तिला शिकवावं लागत नाही. आपलं काम आहे निवडायचं. आधी टार्गेट निवडायचं, मग हजारोंमधून एक पेशी निवडायची आणि शेवटी कुठल्या पेशंटला ते औषध द्यायचं ते निवडायचं, आणि ह्यातली एक जरी निवड चुकली तरी पुढची कितीही मेहनत कामाला येत नाही.

थोडा बेस क्लिअर करू. अँटिबॉडी म्हणजे वाय अक्षराच्या आकाराचं प्रोटीन, दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या मिळून बनलेलं, वजन साधारण दीड लाख डाल्टन. अ‍ॅस्पिरिनचा रेणू १८० डाल्टनचा असतो, त्यावरून अंदाज करा की हे किती अवाढव्य औषध आहे. वरची दोन टोकं टार्गेटला धरतात आणि खालचं शेपूट इम्यून सिस्टीमच्या बाकीच्या पेशींना बोलावून घेतं. आपल्या शरीरात एखादा जंतू आला की शेकडो वेगवेगळ्या बी सेल (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) कामाला लागतात आणि प्रत्येक जण त्या जंतूच्या वेगवेगळ्या भागाला धरणारी अँटिबॉडी बनवते, म्हणजे रक्तात सगळं मिश्रण असतं. पण एक बी सेल आयुष्यभर एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते. मग ती एकच पेशी वेगळी काढून वाढवली तर तीच अँटिबॉडी हवी तेवढी मिळेल, हीच मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातली अँटिबॉडी, कल्पना इतकी सरळ आहे. अडचण अशी की बी सेल शरीराबाहेर काही दिवसांत मरते.

ही अडचण १९७५ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी (ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल) लॅबमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन ह्या दोघांनी सोडवली, त्यांनी बी सेल आणि न मरता वाढत राहणारी मायलोमा नावाची कॅन्सरची पेशी एकमेकींत मिसळून टाकली. तयार झालेली जोडपेशी अँटिबॉडीही बनवते आणि मरतही नाही, तिलाच हायब्रिडोमा म्हणतात. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने ह्यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नव्हतं, म्हणून जगभरातल्या लॅबना ती मोकळेपणी वापरता आली, आणि मला वाटतं हे क्षेत्र इतक्या झपाट्याने पसरलं त्यात ह्याचा मोठा हात आहे.

टार्गेट कसं निवडायचं

लोक थेट उंदरावर उडी मारतात पण सगळ्यात जास्त विचार इथे करायचा असतो. अँटिबॉडी एवढी मोठी असते की ती सहसा पेशीच्या आत जाऊन काम करू शकत नाही, त्यामुळे टार्गेट एक तर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर पाहिजे नाहीतर रक्तात फिरणारं. आजारी पेशींवर ते भरपूर पाहिजे, निरोगी पेशींवर कमीत कमी, आणि मुख्य म्हणजे ते अडवल्याने किंवा त्या पेशी मारल्याने आजारात खरंच फरक पडला पाहिजे.

सीडी२० हे ह्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. हे प्रोटीन बी सेलवर असतं, बी सेलच्या लिम्फोमा ह्या कॅन्सरमध्येही असतं, पण ज्या स्टेम सेलपासून नवीन बी सेल तयार होतात त्यांच्यावर नसतं, आणि आधीच्या आजारांविरुद्धच्या अँटिबॉडी बनवत बसलेल्या प्लाझ्मा सेलवरही नसतं. त्यामुळे सीडी२० ला धरणारं रिटुक्सिमॅब हे औषध दिलं की कॅन्सरच्या आणि चांगल्या अशा दोन्ही बी सेल मरतात खऱ्या पण काही महिन्यांनी स्टेम सेलपासून चांगल्या बी सेल परत तयार व्हायला लागतात. असं टार्गेट मिळालं की अर्धं काम झालं समजा.

उंदराला डोस देणं

एथिक्स कमिटीची परवानगी घेतल्याशिवाय ह्या पायरीला हातच लावायचा नाही. टार्गेटचं प्रोटीन जितकं शुद्ध मिळेल तितकं घ्या कारण त्यात भेसळ असेल तर उंदीर त्या भेसळीविरुद्धच जोरात अँटिबॉडी बनवतो आणि पुढे स्क्रीनिंगमध्ये जीव जातो. अ‍ॅडज्युव्हंट (इम्यून सिस्टीमला जागं करणारं द्रव्य) मिसळून पहिला डोस, मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, मध्येमध्ये थोडं रक्त काढून एलायझाने (प्लेटवर अँटिबॉडी चिकटते का ते रंगावरून दाखवणारी टेस्ट) टायटर म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण बघायचा. टायटर चांगला आला की फ्युजनच्या, म्हणजे पेशी जोडायच्या, तीन-चार दिवस आधी शेवटचा बूस्टर. टार्गेट अगदी छोटा रेणू असेल तर इम्यून सिस्टीम त्याच्याकडे बघतही नाही, तो एखाद्या मोठ्या कॅरिअर प्रोटीनला जोडून द्यावा लागतो. आणि माणसाचं नि उंदराचं प्रोटीन जवळपास सारखंच असेल तर उंदीर त्याला आपलंच समजतो, अशा वेळी ससा घ्या किंवा ते प्रोटीन नसलेला नॉकआउट उंदीर घ्या, उगाच बूस्टर वाढवत बसू नका.

फ्युजन आणि हॅट मीडियम

उंदराच्या प्लीहेतून बी सेल काढायच्या, एसपी२/० किंवा एनएस० अशा मायलोमा पेशींबरोबर मिसळायच्या आणि पीईजी नावाचं रसायन हळूहळू थेंबाथेंबाने सोडायचं म्हणजे पेशींची आवरणं एकमेकींना चिकटून एक होतात. मूळ प्रयोगात ह्यासाठी सेंडाय व्हायरस वापरला होता, आता पीईजी किंवा विजेचा झटका वापरतात. पीईजी पेशींना विषारी असतं म्हणून ते जास्त वेळ ठेवायचं नाही, लगेच मीडियम घालून पातळ करायचं.

आता डिशमध्ये सगळी खिचडी असते, न जुळलेल्या बी सेल, न जुळलेल्या मायलोमा, मायलोमाला जुळलेली मायलोमा, आणि आपल्याला हव्या त्या जोडपेशी अगदी थोड्या. त्या हाताने शोधणं अशक्य आहे, म्हणून हॅट मीडियम, म्हणजे ठरावीक रसायनं घातलेलं पेशींचं खाद्य, वापरतात. पेशीला डीएनएचं साहित्य मिळवायला दोन रस्ते असतात, एक नव्याने बनवायचं आणि दुसरा जुनं वापरून परत तयार करायचं. हॅटमधलं अमिनोप्टेरिन पहिला रस्ता बंद करतं. दुसऱ्या रस्त्याला एचजीपीआरटी नावाचं एन्झाइम लागतं आणि आपण मुद्दाम ते नसलेली मायलोमा निवडलेली असते, त्यामुळे एकटी मायलोमा मरते. एकट्या बी सेलकडे एन्झाइम असतं पण ती तशीही जास्त दिवस टिकत नाही. दोघींची जोडी झालेली पेशी तेवढी जगते कारण तिला एन्झाइम बी सेलकडून मिळालं आणि न मरण्याचा गुण मायलोमाकडून. मला तर ह्या सगळ्या प्रोसेसमधली ही सगळ्यात सुंदर पायरी वाटते. फ्युजनच्या आधी आपली मायलोमा हॅटमध्ये खरंच मरते का ते एकदा तपासून घ्या, तिच्यात ते एन्झाइम परत आलेलं असेल तर प्लेट भरून पेशी वाढतील आणि त्यातल्या बहुतेक बिनकामाच्या असतील.

स्क्रीनिंग, इथे घाई करू नका

दहा ते चौदा दिवसांत कॉलनी दिसायला लागतात. प्रत्येक वेलचं (प्लेटमधल्या छोट्या खळग्याचं) वरचं पाणी घेऊन त्यात आपल्याला हवी ती अँटिबॉडी आहे का हे बघायचं, सहसा एलायझानेच. पण ती अँटिबॉडी शेवटी ज्या कामाला वापरायची आहे त्याच टेस्टने स्क्रीनिंग करा. एलायझाच्या प्लेटवर प्रोटीनचा आकार वेगळा असतो, जिवंत पेशीवर वेगळा, आणि फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या टिश्यूत अजून वेगळा, म्हणून एलायझात झकास दिसणारी अँटिबॉडी टिश्यूवर काहीच दाखवत नाही असं सर्रास होतं. औषध बनवायचं असेल तर नुसतं चिकटणं बघून चालत नाही, चिकटल्यावर टार्गेटचं काम थांबतं का ते बघावं लागतं. आणि टार्गेटच्या भावकीतलं दुसरं प्रोटीन घेऊन त्याला ती चिकटत नाही ना, हेही लगेच बघा.

चांगला वेल मिळाला तरी त्यात एकच क्लोन (एका पेशीपासून वाढलेला गट) असेल असं नाही. म्हणून पेशी इतक्या पातळ करायच्या की ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला सरासरी एकापेक्षाही कमी पेशी पडेल, मग जी कॉलनी उगवेल ती बहुतेक एकाच पेशीपासूनची असते. "बहुतेक" म्हणून हे दोनदा तरी करायचं. प्रत्येक टप्प्याला काही पेशी लिक्विड नायट्रोजनमध्ये फ्रीझ करून ठेवा, मायकोप्लाझ्मा ह्या पेशींमध्ये गुपचूप वाढणाऱ्या बॅक्टेरियाची टेस्ट नेमाने करा, आणि क्लोन पक्का झाला की लगेच त्याच्या अँटिबॉडीच्या जीनचं सिक्वेन्सिंग करून घ्या, कारण हायब्रिडोमा हळूहळू क्रोमोसोम गमावतात आणि एक दिवस अँटिबॉडी बनवणंच बंद करतात. सिक्वेन्स हातात असला तर ती अँटिबॉडी कधीही परत बनवता येते.

उंदराची अँटिबॉडी माणसाला चालेल अशी करणं

पहिलं मोनोक्लोनल औषध मुरोमोनॅब, १९८६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, किडनी ट्रान्सप्लांटनंतर शरीर ती किडनी नाकारायला लागलं तर देत असत. ते पूर्णपणे उंदराचं होतं, त्यामुळे पेशंटचं शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवायचं, मग औषधाचा असर जायचा आणि रिअ‍ॅक्शन यायची. ह्यावर पहिला उपाय म्हणजे टार्गेटला धरणारा वरचा भाग उंदराचा आणि बाकी सगळं माणसाचं, ह्याला कायमेरिक म्हणतात, १९९७ चं रिटुक्सिमॅब ह्यातलं. मग त्याच केंब्रिजच्या लॅबमध्ये ग्रेग विंटर ह्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की टार्गेटला प्रत्यक्ष शिवणारे छोटे छोटे लूप तेवढे उंदराचे ठेवून बाकी अख्खी अँटिबॉडी माणसाची करता येते, ब्रेस्ट कॅन्सरचं ट्रास्टुझुमॅब, १९९८ चं, असं ह्युमनाइज्ड आहे.

नंतर उंदराचा अंश नसलेली, पूर्ण माणसाची अँटिबॉडी मिळवायची सोय झाली. फाज डिस्प्लेमध्ये कोट्यवधी अँटिबॉडीचे तुकडे बॅक्टेरियाच्या व्हायरसवर लावतात आणि जो टार्गेटला घट्ट चिकटेल तो उचलतात, २००२ चं अ‍ॅडालिमुमॅब ह्या रस्त्याने आलं आणि ह्या कामासाठी विंटर आणि जॉर्ज स्मिथ ह्यांना २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. काही उंदीर असे तयार केलेत की त्यांच्या अँटिबॉडीचे जीन माणसाचेच असतात. आणि तिसरा रस्ता म्हणजे आजारातून बऱ्या झालेल्या माणसाची बी सेल घ्यायची, इबोलावरचं अन्सुव्हिमॅब हे १९९५ च्या किकविटच्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या बी सेलमधून मिळालंय, साथीनंतर कित्येक वर्षांनी काढलेल्या रक्तातून. एवढ्या वर्षांनीही ती पेशी शरीरात टिकून होती.

फॅक्टरीत

मोठ्या प्रमाणावर बनवताना हायब्रिडोमा सहसा वापरत नाहीत, अँटिबॉडीचे जीन सीएचओ पेशींमध्ये घालतात, म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या ओव्हरीतून काढलेल्या पेशी. बॅक्टेरियात स्वस्तात का नाही बनवत असं बरेच जण विचारतात. अँटिबॉडीच्या शेपटावर साखरेची साखळी लागते, ती बॅक्टेरिया माणसासारखी लावू शकत नाही, आणि ती नीट नसेल तर इम्यून पेशी ते शेपूट ओळखत नाहीत. त्या साखळीतली फ्युकोज नावाची एक साखर काढली तर पेशी मारायची ताकद उलट वाढते, इतकं ते नाजूक प्रकरण आहे. इथेही हजारो क्लोनमधून जास्त आणि एकसारखी अँटिबॉडी देणारा एक निवडतात, त्याची सेल बँक करतात, मग छोट्या फ्लास्कपासून वाढवत वाढवत हजारो लिटरच्या बायोरिअ‍ॅक्टरपर्यंत नेतात. साधारण दोन आठवडे खाद्य देत वाढवलं की लिटरला काही ग्रॅम अँटिबॉडी मिळते.

मग शुद्धीकरण. पेशी गाळून काढल्या की पाणी प्रोटीन ए च्या कॉलममधून सोडतात, अँटिबॉडी शेपटाने त्याला चिकटते, बाकीचं वाहून जातं, आणि पीएच कमी केला की अँटिबॉडी सुटते. त्याच आम्लात थोडा वेळ ठेवलं की बरेच व्हायरस निकामी होतात. पुढे आयन एक्स्चेंज (विजेच्या भारावरून वेगळं करणं), व्हायरस अडवणारा अगदी बारीक फिल्टर, आणि शेवटी हव्या त्या बफरमध्ये हवी तेवढी दाट करणं. गुठळ्या झाल्यात का, एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) आहे का, सीएचओचं प्रोटीन राहिलंय का, टार्गेटला पूर्वीइतकीच चिकटते का, हे दर बॅचला तपासतात.

शरीरात गेल्यावर काय करते

काही अँटिबॉडी फक्त अडवतात, जसं अ‍ॅडालिमुमॅब सांध्यांची सूज वाढवणाऱ्या टीएनएफला धरून ठेवतं. काही मारतात, पेशीला चिकटून एनके सेलना (मारेकरी पांढऱ्या पेशींना) बोलावतात किंवा कॉम्प्लिमेंट, म्हणजे पेशीला भोकं पाडणारी रक्तातली प्रोटीनं, सुरू करतात. निवोलुमॅब नि पेम्ब्रोलिझुमॅब कॅन्सरला हातच लावत नाहीत, टी सेल ह्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक काढतात आणि मग टी सेल स्वतः कॅन्सरवर जातात, हा ब्रेक शोधणारे तासुकू होंजो आणि सीटीएलए-४ ह्या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन ह्यांना २०१८ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं. ट्रास्टुझुमॅब एमटान्सिनसारख्या औषधात अँटिबॉडीला विषारी केमो जोडलेली असते, ती पेशीच्या आत गेल्यावर सुटते. ब्लिनाटुमोमॅब एका हाताने टी सेल आणि दुसऱ्या हाताने ल्युकेमियाची पेशी धरून दोघींना समोरासमोर आणतं. आणि हे फक्त कॅन्सरपुरतं नाही, अ‍ॅलर्जीचा दमा, मायग्रेन, कोलेस्टेरॉल, ठिसूळ हाडं, सगळीकडे आता अँटिबॉडी आहेत. शिवाय प्रेग्नन्सीच्या किटमधली रेघ, ब्लड ग्रुप बघायचं लिक्विड, ह्यातही मोनोक्लोनल अँटिबॉडीच काम करते.

लसीशी गल्लत करू नका. लस शरीराला अँटिबॉडी बनवायला लावते, इथे तयार अँटिबॉडी देतात, त्यामुळे संरक्षण लगेच मिळतं पण आठवण राहत नाही, औषध उतरलं की संपलं. बाळांना आरएसव्ही ह्या श्वसनाच्या व्हायरससाठी देतात त्या निर्सेव्हिमॅबचं शेपूट मुद्दाम बदललंय म्हणून एक डोस साधारण पाच महिने पुरतो. कोविडमध्ये ओमिक्रॉन आल्यावर आधीच्या बऱ्याच अँटिबॉडी निकामी झाल्या कारण व्हायरसने नेमका तो धरायचा भागच बदलला, तिथे टार्गेटच हलतं होतं.

पेशंट आणि घरच्यांनी काय करायचं

औषध सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारा की ह्याचं टार्गेट काय आणि ते पेशंटमध्ये आहे हे कशावरून कळलं. ट्रास्टुझुमॅब हे ट्यूमर एचईआर२ पॉझिटिव्ह असेल, म्हणजे त्याच्या पेशींवर हे टार्गेट भरपूर असेल, तरच कामाचं, म्हणून बायोप्सीचा तो रिपोर्ट फाइलमध्ये पाहिजेच. टीएनएफ अडवणाऱ्या औषधाआधी टीबीची तपासणी हवीच, कारण शरीराने दाबून ठेवलेला टीबी ह्या औषधाने उठतो. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट, ट्रास्टुझुमॅबआधी आणि चालू असताना हृदयाचा इको, ठिसूळ हाडांवरच्या डेनोसुमॅबआधी कॅल्शियम आणि दातांची तपासणी. ह्या टेस्ट फालतू समजून टाळू नका, डॉक्टरांनी सांगितल्या नसतील तर स्वतःहून विचारा.

गोळी का नाही, तर पोटात गेलं की हे प्रोटीन पचून जातं, म्हणून सलाइनमधून किंवा त्वचेखाली इंजेक्शन. पहिल्या सलाइनला थंडी, ताप, पुरळ येऊ शकतं म्हणून ते हळू सोडतात नि बऱ्याचदा आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतात. श्वास लागला, छाती आवळली, चक्कर आली तर सलाइन संपेपर्यंत सहन करत बसायचं नाही, लगेच सिस्टरला सांगायचं. ही खबरदारी का ते सांगतो, २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाच्या अँटिबॉडीची माणसांवर पहिली ट्रायल झाली, माकडांमध्ये काही त्रास दिसला नव्हता, पण औषध घेतलेल्या सहाही निरोगी स्वयंसेवकांची इम्यून सिस्टीम एकदम भडकली आणि ते आयसीयूत गेले. सहाही जण वाचले, आणि तेव्हापासून नवीन औषधाचे पहिले डोस सगळ्यांना एकदम न देता एकेकाला मध्ये वेळ ठेवून देतात.

घरी घ्यायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही, आणि हलवू नका. अंड्याचा पांढरा भाग फेटल्यावर फेस होऊन बदलतो तसं हेही प्रोटीन आहे, जोरात हलवलं की त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. टोचायच्या आधी साधारण अर्धा तास बाहेर ठेवा, गरम पाण्यात धरू नका, आणि जागा दर वेळी बदला. गढूळ दिसलं किंवा कण तरंगताना दिसले तर वापरू नका.

साइड इफेक्ट टार्गेटवरून ओळखता येतात. टीएनएफ अडवलं की इन्फेक्शनचा धोका, म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. पीडी-१ चा ब्रेक काढला की टी सेल आपल्याच अवयवांवरही जाऊ शकतात, त्यामुळे जुलाब, सततचा खोकला, खूप थकवा, डोळे पिवळे होणं हे काहीही झालं, अगदी शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनी जरी, तरी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर हे औषध घेतलेलं आधी सांगा. जिवंत जंतूंच्या लसी ह्यातली बरीच औषधं चालू असताना घेता येत नाहीत. गरोदरपणात अशी अँटिबॉडी घेतली असेल तर ती नाळेतून बाळापर्यंत जाते, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, आणि बाळाच्या रक्तात काही महिने राहते, म्हणून बाळाला बीसीजी किंवा रोटाव्हायरसची लस द्यायच्या आधी बाळाच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

बायोसिमिलर (मूळ औषधासारखं दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) दिलं तर घाबरायचं कारण नाही, जिवंत पेशीतून बनत असल्यामुळे मूळ औषधाची हुबेहूब कॉपी होत नाही पण परिणाम आणि सुरक्षितता तेवढीच आहे हे दाखवल्याशिवाय मान्यता मिळत नाही. फक्त ब्रँडचं नाव आणि बॅच नंबर लिहून ठेवा, रिअ‍ॅक्शन आली तर कुठल्या बॅचची ते लगेच कळतं.

डोस चुकला तर दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत, फोन करून विचारायचं. डेनोसुमॅबची तारीख मात्र काही झालं तरी चुकवू नका, ऑस्टिओपोरोसिससाठी ते दर सहा महिन्यांनी देतात आणि डोस लांबला किंवा मध्येच बंद केला तर हाडांची घनता भराभर उतरते, मणक्याचे एकापेक्षा जास्त फ्रॅक्चर झालेले पेशंट आहेत, म्हणून बंद करायचंच असेल तर त्यानंतर कुठलं औषध घ्यायचं हे पुढच्या डोसची तारीख यायच्या आत डॉक्टरांकडून ठरवून घ्या.